गोडी छाटणी

एडमंटनला मी ज्या घराच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायचे, त्या घराच्या मालकांच्या लेखी वर्षात दोनच महिने खरे होते: एप्रिल आणि ऑक्टोबर. बाकीचे दहा नुसते वाट अडवून उभे असायचे. काका मूळचे निफाडकडचे, घरची द्राक्षबाग. ते स्वतः तरुण वयातच इंजिनियर होऊन इकडे आले, तेलाच्या कंपन्यांमध्ये पाइपांची ड्रॉइंग्ज तपासत रिटायर झाले, पण डोक्यातलं वेळापत्रक काही त्यांनी बदललं नाही. निफाडला एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, म्हणजे वेल पार बोडका करून टाकायचा. ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, ती फळासाठी. म्हणून काका इथेही वर्षातून दोनदा छाटणी करत. इथे द्राक्षं नव्हती, ही त्यांच्या दृष्टीने किरकोळ अडचण होती.

छाटायचे काय, तर हाताला लागेल ते. एप्रिलमध्ये कपाटं उपसली जायची. बरेच दिवस अंगाला न लागलेला शर्ट गेला, कान तुटलेला कप गेला, काकूंनी धुऊनपुसून जपलेले आइस्क्रीमचे रिकामे डबे गेले. मार्च संपायच्या आधीच काकू डब्यांची चळत छातीशी धरून हळूच जिना उतरून माझ्याकडे यायच्या. "महिनाभर ठेव गं तुझ्याकडे. यांचा वारा गेला की नेते वर." माझ्या पलंगाखाली दर एप्रिलला निम्मं स्वयंपाकघर असायचं. काकांना यातलं काही ठाऊक नाही, असं मला तेव्हा वाटायचं.

ऑक्टोबरात माणसं निघायची. काका आरामखुर्चीत बसून, चष्मा कपाळावर चढवून फोनमधली नावं वाचत जायचे. "हा? दोन दिवाळ्या झाल्या, साधा फोन नाही. वाळकी काडी." गेला. महाराष्ट्र मंडळ असंच एका ऑक्टोबरात गेलं, गणपतीला कुणीतरी फ्रोजन मोदक आणले एवढ्यावरून. सख्खा भाऊ त्याच्याही आधी गेला होता. त्याचं काय बिनसलं म्हणून विचारलं तर म्हणाले, "कारणं आठवत बसलं की पुन्हा फुटवे येतात." मला मात्र दर वर्षी छाटणी आटोपल्यावर वरून हाक यायची, "ए संत्रं! तुझं नाव ठेवलंय अजून." मी नागपूरची, म्हणून संत्रं. मीही खालून ओरडायचे, "उपकार झाले, काका! आता जरा हीट वाढवा." हीट ते वाढवत नसत. थर्मोस्टॅट वरच्या मजल्यावर होता आणि त्याला हात लावायचा हक्क एकट्या त्यांचा होता.

काका गेल्याचं मला गेल्या महिन्यात कळलं. मी आता टोरंटोकडे, किचनरला असते. त्या दिवशी ऑफिसात मन लागेना, तेव्हा पहिली आठवली ती त्यांची झुडपं. असल्या कापाकापी करणाऱ्या माणसाच्या हाती एखादं झाड सापडलं तर ते किती दिवस टिकणार? पण ती टिकली होती.

त्याची सुरुवात काकूंपासून झाली. काकूंना निळ्या गोल गुच्छांची हायड्रेंजिया हवी होती. लग्नानंतर दोघं पाचगणीला गेले होते, तिथे कुठल्याशा बंगल्याच्या कुंपणाशी त्यांनी ती पाहिली होती आणि तो निळा रंग त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. इथे मे महिन्यात ग्रोसरीत चमकत्या कागदात गुंडाळलेल्या कुंड्या येतात. काकू दर वर्षी एक आणायच्या, जमिनीत लावायच्या, थंडीआधी जुन्या रजईत गुंडाळायच्या, आणि दर वर्षी रजई सोडल्यावर आत वाळकं बुडखं निघायचं. शेवटी नर्सरीतल्या मुलीने सांगितलं की एडमंटनच्या थंडीत ती जात तग धरत नाही. लावायचीच तर पॅनिकल हायड्रेंजिया लावा. तिची फुलं त्याच वर्षी फुटलेल्या नव्या फांदीवर येतात, त्यामुळे हिवाळ्याने वरचं काही मारलं तरी ती खालून फुटते आणि फुलते. फक्त ती निळी होत नाही. मातीत काहीही घातलं तरी होत नाही. पांढरी उमलते, आणि रात्री गार व्हायला लागल्या की गुलाबी होते.

काकू हिरमुसल्या. काका मात्र त्या झुडपासमोर खिळून राहिले. हे काकूंनीच मला हसत हसत सांगितलं होतं. पॅनिकलचा गुच्छ चेंडूसारखा गोल नसतो. बुडाशी रुंद, टोकाला निमुळता, बारीक फुलांनी गच्च भरलेला असा असतो. काका म्हणाले, "अगं, हे तर घड आहेत! उलटे लागलेत एवढंच." द्राक्षाचा घड खाली लोंबतो, हे वर तोंड करून उभे. काकांनी तीन झुडपं घेतली, बॅकयार्डात माझ्या खिडकीसमोर लावली, आणि त्या दिवसापासून त्या तिघांना ते 'बाग' म्हणू लागले. "बागेत जाऊन येतो," असं सांगून निघायचे आणि मागचं दार उघडून दोन पायऱ्या उतरायचे.

बागेची सेवा मात्र मनापासून चालायची. बुंध्याभोवती सालींच्या तुकड्यांचा थर, उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ पाणी, काकूंच्या चहाचा चोथा. इथले ससे मांजराहून मोठे, हिवाळ्यात खायला काही उरलं नाही की काड्या कुरतडतात. त्यासाठी काकांनी तारेची जाळी लावली होती. एक ससा रोज जाळीबाहेर येऊन बसायचा आणि काका त्याला हिंदीत दम द्यायचे. "हिंदीत का, काका?" मी विचारलं. "मग? तो काय आपल्यातला आहे?" म्हणाले.

एवढं सगळं नीट करून ऑक्टोबर आला की मात्र ते सिकेटर घेऊन उतरायचे. सिकेटर म्हणजे छाटणीची कात्री. ती निफाडहून आणलेली होती, मागच्या दाराशी खिळ्याला टांगलेली असायची. नर्सरीतल्या मुलीने स्पष्ट सांगितलं होतं की फुलं वाळली तरी हिवाळाभर झाडावरच राहू द्या आणि एप्रिलमध्ये, काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, फुटायच्या आधी, एकदाच कापा. थंडीच्या तोंडावर कापलं तर कापल्या जागेवरून काडी खाली मरत जाते, मग वसंतातली सगळी ताकद ते भरून काढण्यात जाते आणि फुलं उशिरा येतात. काकांनी तिचं ऐकून घेतलं आणि तिला गोडी छाटणी म्हणजे काय ते समजावून सांगितलं. मागे गिऱ्हाइकांची रांग लागली होती, असं काकू सांगत.

तर ऑक्टोबरात एकेका काडीला दोन डोळे ठेवून सगळं साफ. एप्रिलमध्ये पुन्हा. परिणाम व्हायचा तोच झाला. गल्लीतल्या बाकीच्यांची झुडपं सप्टेंबरात गुलाबी व्हायची आणि आमची तेव्हा कुठे पांढरी उमलत असायची. ती रंग धरतायत तोवर यांची छाटणी. काकू दर वर्षी म्हणायच्या, "अहो, यंदा तरी राहू द्या ना. मला ती बर्फातली बघायची आहेत. समोरच्यांकडे बघा, डोक्यावर बर्फाच्या टोप्या घालून कशी उभी असतात."

"वाळलेलं ठेवून करायचंय काय?"

"बघायचंय."

"वाळलेलं काय बघायचं?" असं म्हणत काका कापून मोकळे व्हायचे. काकू खाली पडलेले गुच्छ गोळा करून बरणीत ठेवायच्या. ती बरणी एप्रिलमध्ये जायची.

इथवर सगळं हसण्यावारी नेता येण्यासारखं होतं. पण काकांनी एक नाव छाटलं होतं आणि त्यावर त्या घरात कुणालाही हसू येत नसे. ते त्यांच्या मुलीचं होतं.

एकुलती एक मुलगी. जन्म इथलाच, नोकरी टोरंटोकडे, राहायला व्हिटबीत. काकांनी आपल्या लहानपणच्या मित्राच्या मुलाशी तिचं लग्न जमवून दिलं होतं. मुलगा वाईट नव्हता. तिला तो नको होता, आणि ते कळायला तिला दोन वर्षं लागली. कळल्यावर तिने वडिलांना मध्ये न घेता स्वतःच निफाडला फोन लावून सासऱ्यांना सांगून टाकलं. तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत ते कसं ऐकू गेलं असेल देव जाणे. काकांचा गावातला शब्द पडला. त्या ऑक्टोबरात भिंतीवरचे फोटो उतरले. काकूंना त्यांनी एवढंच सांगितलं, "फूट वाकडी गेली की बुडाशी कापायची. या घरात आता तो विषय नको." मी राहायला गेले तेव्हा या गोष्टीला काही वर्षं उलटली होती आणि बैठकीच्या भिंतीवर चौकोनी डाग तेवढे राहिले होते.

पहिल्याच हिवाळ्यात एका रविवारी काकू स्वेटरखाली आयपॅड लपवून खाली आल्या. "तुझ्याकडून जरा व्हिटबीला बोलू का गं? वर हे असतात." मग ते दर रविवारचंच झालं. काका बागेत गेले की काकू खाली. मायलेकींना मोकळेपणी बोलता यावं म्हणून मी शेजारच्या लाँड्रीच्या खोलीत जाऊन मशीन लावायचे आणि दार ओढून घ्यायचे. बोलणं कळायचं नाही, नुसती कुजबुज ऐकू यायची, तीही अधूनमधून. माझी खिडकी जमिनीच्या रेषेत होती. तिच्यातून दिसायच्या त्या झुडपांच्या खालच्या काड्या आणि काकांचे गुडघ्यापर्यंतचे बूट, आणि सिकेटरचा आवाज यायचा, कट, कट. आवाज चालू आहे तोवर काकू निर्धास्त. थांबला की आयपॅड स्वेटरखाली आणि काकू जिन्यावर. मला आपण फार मोठ्या कटात सामील झाल्यासारखं वाटायचं आणि खरं सांगते, मजाही वाटायची.

ती मजा जानेवारीतल्या एका रविवारी गेली. कडाक्याची थंडी पडली होती, इंजिन गोठू नये म्हणून गाडीचं हीटर प्लगला लावतात, ते राहिलं म्हणून मी लाँड्रीतून बाजूच्या दाराने बाहेर गेले. कुंपणाच्या फटीतून बॅकयार्ड दिसलं. काका बर्फात उभे होते. झुडपं ऑक्टोबरातच कापलेली, बर्फातून नुसती खुंटं वर आलेली, कापायला काडी म्हणून शिल्लक नव्हती. काका भिंतीकडे पाहत, जाड हातमोज्यात सिकेटर धरून हवेत उघडमीट करत होते. कट, कट, कट. पापण्यांवर दव गोठलं होतं. नाक वाहत होतं आणि ते पुसायलाही त्यांनी हात थांबवला नाही.

मी तशीच मागे फिरले. लाँड्रीत येऊन मशीनला टेकून उभी राहिले आणि मला रडू फुटलं. मग एकेक गोष्ट लक्षात यायला लागली. बर्फ पडला की काका ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसायच्या आधी माझ्या खिडकीसमोरचा बर्फ काढायचे, आणि "बेसमेंटची खिडकी मोकळी ठेवायचा नियम असतो," असं मलाच ऐकवायचे. रविवारी सकाळी कितीही थंडी असो, ते बागेत जायचेच. सगळं ठाऊक होतं या माणसाला. मला त्यांची दया आली आणि लगेच संतापही आला. एवढं उणे पंचवीसमध्ये उभं राहता येतं, तर फोन उचलून मुलीशी दोन शब्द का बोलता येत नाहीत? मी हे काकूंना सांगितलं नाही. सगळ्यांनी न कळल्यासारखं केलं म्हणूनच तो रविवार चालू होता, आणि तो आपल्या हातून बंद पडायला नको असं मला वाटलं.

पुढे काही वर्षांनी, सप्टेंबरात काकूंना काविळीचं निमित्त झालं आणि आत काहीतरी मोठंच निघालं. डॉक्टरांनी हातात फार थोडे आठवडे आहेत असं सांगितलं. मी ऑफिसातून परस्पर हॉस्पिटलला जायचे. एकदा काका कॉफी आणायला गेल्यावर काकूंनी माझं मनगट धरलं.

"तिला बघायचंय गं एकदा. पण चोरून नको. यांनी बोलवायला हवं."

"काकू, आता कशाला हे? मी बोलावते. उद्या येईल ती."

"नको. मी असताना यांच्या तोंडून निघालं नाही, तर मी गेल्यावर कोण काढणार? दोघं दोन टोकांना म्हातारी होतील. मी तिच्याकडून वचन घेतलंय, बाबांनी म्हटल्याशिवाय यायचं नाही म्हणून."

मी व्हिटबीला फोन लावला. मुलगी आधी नुसती रडली. मग म्हणाली, "आय ॲम पॅक्ड. बॅग दारात आहे. पण आईने मला प्रॉमिस करायला लावलंय. यू टेल हिम टु आस्क मी. जस्ट वन वर्ड." तिघांनाही एका ओळीत उभं करून गदागदा हलवावं असं मला वाटत होतं. मरणाऱ्या बाईने आपली शेवटची भेट पणाला लावली होती, आणि ज्याच्या एका शब्दावर ती अडली होती तो माणूस हॉस्पिटलच्या डब्यात पेज भरत होता.

मी त्यांना सरळच म्हटलं, "काका, तिला बोलवा."

"कुणाला?"

"तुमच्या मुलीला."

त्यांनी नळ सोडला. "झाकण दे गं त्या डब्याचं. गार होईल," म्हणाले आणि गेले.

ऑक्टोबर उजाडला. सिकेटर खिळ्यालाच होतं. पहिला आठवडा मला वाटलं, हॉस्पिटलच्या फेऱ्यांत विसरले असतील. पण काका काय विसरणार? फोनमधली नावंही त्यांनी उघडली नाहीत. झुडपांना हात न लागल्यामुळे पांढरे गुच्छ पहिल्यांदाच पुरते गुलाबी झाले, मग तपकिरी पडले, कागदासारखे कडक झाले आणि तसेच उभे राहिले. महिना सरत आला तेव्हा मी विचारलं, "काका, यंदा छाटणी?"

"राहू दे," म्हणाले. "तिला बर्फातले बघायचेत."

मग एक दिवस बर्फ पडला. सकाळी वरून हाक आली, "ए संत्रं! फोटो काढ चांगलासा." मी काढला. एकेका गुच्छावर बर्फाचा गोळा बसला होता, काड्या वाकल्या होत्या. दुपारी काकूंना दाखवला. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, एकेक झुडूप नीट पाहिलं.

"कापले नाहीत यांनी?"

"नाही."

काकूंनी फोन माझ्या हातात दिला आणि डोळे मिटून उशीला डोकं टेकलं. "मग आता फोन करतील हे तिला," म्हणाल्या. मला त्यातलं काही कळलं नाही. एवढं कळलं की त्यांचा जीव जरा थाऱ्यावर आला होता.

त्याच संध्याकाळी काका हॉस्पिटलातून आले, अंगातलं जॅकेट न काढताच स्वयंपाकघरात उभे राहिले आणि मला वर बोलावलं. "व्हिटबीचा नंबर आहे ना तुझ्याकडे? लाव." मी लावला आणि फोन स्पीकरवर ठेवून टेबलावर ठेवला. पलीकडून "हॅलो?" आलं. काकांनी घसा साफ केला.

"यंदा गोडी छाटणी केली नाही मी."

"बाबा? व्हॉट हॅपन्ड? इज आई ओके?"

"छाटणी केली नाही म्हणतो मी!" काका आवाज चढवून म्हणाले, लाइन खराब असल्यासारखं. "ऑक्टोबर गेला. एक काडी कापली नाही."

मग ती म्हणाली, "बाबा, आय डोन्ट नो व्हॉट दॅट मीन्स."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्या माणसाने माझ्यासमोर मान खाली घातलेली मी कधी पाहिली नव्हती, तेव्हा पाहिली. आयुष्यभर ज्या भाषेत त्यांनी सगळं सांगितलं ती मुलीला येत नव्हती आणि दुसरी त्यांच्याकडे नव्हती. मी सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली.

"ये," म्हणाले. मग पुन्हा, "ये म्हणतो मी. तू ये."

"येते," ती म्हणाली. "बाबा, येते मी. आय ॲम कमिंग."

काका तसेच परत हॉस्पिटलला गेले. त्यांनी काकूंच्या कानाशी वाकून "येतेय ती" म्हणून सांगितलं तेव्हा मी तिथे होते. काकूंनी ऐकलं. त्यांनी काकांच्या जॅकेटची चेन वर ओढून नीट लावली आणि मग झोपल्या. मुलीला दुसऱ्या दिवशीचं विमान मिळालं. काकू सकाळीच गेल्या. विमान तेव्हा वाटेत होतं. मी एअरपोर्टवर आणायला गेले आणि मला काही बोलावं लागलं नाही, माझ्या चेहऱ्याकडे पाहून ती तिथेच बॅगेवर बसली. त्या बातमीसारखी दुसरी बातमी मला पुन्हा कुणाला द्यावी लागू नये.

ती दोन आठवडे राहिली. काकूंचं कपाट आवरलं, डबे लावले, त्यातले आइस्क्रीमचे रिकामे डबे तसेच ठेवले. बापलेक एकमेकांशी इतकं जपून बोलायचे की ऐकवत नसे. "मीठ हवंय का?" "थँक यू." एकाच टेबलाशी बसून दोघं वेगवेगळं जेवायची. काकूंचा शब्द खरा झाला होता, काकांनी बोलावलं होतं, ती आली होती. पण जिच्यासाठी यायचं तीच नव्हती, आणि ती नसताना ह्या दोघांनी एकमेकांचं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मुलगी परत गेली त्या दिवशी मला वाटलं, झालं, हे इथेच संपलं.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी जिन्यावर पावलं वाजली. मी राहायला आल्यापासून काका एकदाही खाली आले नव्हते. ते आयपॅड घेऊन दारात उभे होते.

"व्हिटबीला इथूनच लागतो ना?"

वरूनही लागतो, हे मी त्यांना सांगितलं नाही. फोन लावून दिला. काका सोफ्यावर, काकू बसायच्या त्याच जागी बसले. मी लाँड्रीकडे निघाले तर त्यांनी हातानेच थांबवलं. मुलगी पडद्यावर आली. "जेवलीस?" "हो." "तिकडे बर्फ?" "थोडा." तेवढ्यात बोलणं संपलं. दोघं एकमेकांकडे बघत बसले. मला वाटलं, आता हे फोन ठेवतील आणि पुन्हा कधी लावणार नाहीत.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही बाहेर जाता का? झाडांपाशी?"

"का?"

"आय डोन्ट नो हाऊ टु टॉक टु यू लाइक धिस. आई आयपॅड खिडकीला धरायची. आम्ही जास्त बोलायचोच नाही. वी जस्ट वॉच्ड यू." मग आईच्या आवाजाची नक्कल करत म्हणाली, "आई म्हणायची, 'बघ, बघ, आज पण हवाच कापतायत.'"

म्हणजे काकूंनाही माहीत होतं. इतकी वर्षं बाहेर हे आणि आत त्या. काका उठले, जॅकेटची चेन लावायला त्यांना बराच वेळ लागला, आणि वर गेले. मागचं दार वाजलं. मी आयपॅड उचलून खिडकीच्या काचेशी धरला. बर्फात बूट आले आणि झुडपाशी थांबले. सिकेटर त्यांनी आणलं नव्हतं. काय करावं ते न कळून बूट नुसते उभे होते.

"दिसतायत का गं?" मी विचारलं.

"हो. बूट दिसतायत. ऑल दीज इयर्स, एवढंच दिसायचं. चेहरा कधीच नाही."

मी काचेवर टकटक केली आणि ओरडले, "काका! चेहरा दिसत नाहीये!"

बूट जरा वेळ हलले नाहीत. मग एक गुडघा बर्फात टेकला. मग दुसरा. मग एक हात, आणि मग काकांचा चेहरा वाकडा होऊन खाली काचेला आला. त्यांच्या श्वासाने काच धुरकट झाली. त्यांनी ती बाहीने पुसली. ओठ हलले, आवाज आत आला नाही, पण ते काय विचारत होते ते कळत होतं.

"दिसतंय, बाबा," मुलगी म्हणाली. "आता उठा. थंडी आहे ना, उठा."

ते उठले नाहीत.